मामांचा डावा डोळा

५ मार्च

भिंगरीस,

तू केलेल्या खोट्या डोळ्याचे तुकडे सोबतच्या डबीत आहेत. कापसात नीट गुंडाळलेत. डोळा करायला नाही तर निदान पॅकिंग करायला तरी माझ्याकडून शीक.

बुबुळाचा रंग बरा होता. पांढऱ्या भागावर शिरांसाठी बसवलेले लाल धागेही या वेळी दोरखंडासारखे दिसत नव्हते. मी म्हटलं, चला, आमची भिंगरी सुधारली. मग डोळा खिडकीपाशी नेला आणि कपाळावर हात मारून घेतला. मधला काळा ठिपका केवढा केलास गं? गिऱ्हाइकाला मागच्या खोलीत दिव्याखाली बसवून रंगवलास, हो ना? अंधारात माणसाचा ठिपका फुगतो आणि उन्हात टाचणीच्या डोक्याएवढा होतो, हे मामांनी आपल्याला फ्रॉकच्या वयात शिकवलं. आता तुझा तो शाळामास्तर दुपारी रस्त्याने चालेल तेव्हा त्याचा एक डोळा शहाण्या माणसाचा दिसेल आणि दुसरा, कुणी नुकतीच थोबाडीत मारल्यासारखा.

तू लहानपणी किती रडायचीस ते आठवलं. दर शनिवारी मामा आपल्या दोघींचे डोळे एका बशीत शेजारीशेजारी ठेवायचे, एकच पसंत करायचे आणि हरलेलीच्या हातात हातोडी द्यायचे. स्वतःचा डोळा स्वतःच फोडायचा. आता मी तुझे तेवढे श्रम वाचवते, टपालखर्च माझा. आपलं ठरलंच आहे, गिऱ्हाइकाच्या डोळ्याची एक जोडप्रत एकमेकींना पाठवायची, चूक सापडली तर फोडून तुकडे परत, नाही सापडली तर डोळा ठेवून घ्यायचा. माझा ड्रॉवर अजून रिकामा आहे, हे तुझ्या माहितीसाठी.

मामांची चिठ्ठी आली. तुला तोंडी सांगितलं असेलच. त्यांचा डावा डोळा, त्यांनी तरुणपणी स्वतःच करून घातलेला, आता सैल झालाय आणि हात थरथरतात म्हणून नवा करता येत नाही. दोघींनी एकेक करा, म्हणतात. ज्या डोळ्याने त्यांना बरं वाटेल तो ते घालतील आणि जिचा डोळा तिचं वर्कशॉप. एकीचंच. दोघींत वाटून देणार नाहीत. त्यांच्या डोळ्याच्या खाचेचा साचा घेऊन एक प्रत मला पाठव. त्यात तरी चूक करू नकोस.

ताई

१९ मार्च

ताई,

तुकडे मिळाले. आभार मानू की शिव्या देऊ ते ठरेना, म्हणून दोन्ही मनात दिले.

मास्तरांना बोलावून घेतलं आणि उन्हात उभं केलं. तू म्हणतेस तसंच दिसत होतं. इतकी चडफडले की त्या दिवशी जेवण गेलं नाही. नवा डोळा केला, अर्धा आतल्या उजेडात आणि अर्धा ओट्यावर बसून, आणि ठिपका दोन्हीच्या मधला धरला. मास्तर आरशात बघून म्हणाले, आता वर्गातल्या पोरांना कळणार नाही मी कुठल्या डोळ्याने बघतोय ते. ही पद्धत तू कधी वापरली नाहीस. मी काढली. नाकाला मिरच्या झोंबल्या असतील तर पाणी पी.

आता तुझ्या डोळ्याबद्दल. तोही फोडलाय, डबीत बघ. शिरा कोपऱ्यापासून ठिपक्यापर्यंत सरळ रेघेत ओढल्यास, जणू रस्त्यांचा नकाशा. तुमच्या हॉस्पिटलात माणसं येतात की मोटारी?

मामांचं ऐक. परवा तोंड धुताना डोळा निसटून बेसिनमध्ये पडला आणि गोल गोल फिरत जाळीवर जाऊन बसला. मला हाक मारून म्हणतात, "अगं ये, मी तिथून तुला बघतोय." मी हसले. मग दार लावून रडले. तू शहरात पगार घेतेस ताई, इथे रोज सकाळी त्यांची खाच कोमट पाण्याने मी पुसते. हे वर्कशॉप माझं आहे. माझ्या पाठीचा आकार त्या खुर्चीला आलाय. तुला ते फक्त जिंकायला हवंय.

साचा पाठवतेय. रंगासाठी एकदा येऊन बसावं लागेल तुला. मामा म्हणतात, "तिला म्हणावं, आठवणीवर अवलंबून राहू नको." मी म्हटलं, तिला सांगून काही उपयोग आहे का?

भिंगरी

२२ एप्रिल

भिंगरीस,

काल परत पोचले. बसमध्ये समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे असे फुटून पसरत होते की डोकं उठलं. ड्रायव्हर लोक हल्ली कसले दिवे लावतात कुणास ठाऊक.

मामा थकलेत. तू मला हे लिहिलं नव्हतंस. खिडकीत माझ्यासमोर बसले तेव्हा उजव्या डोळ्याला पाणी येत होतं आणि तरी मलाच ऐकवत होते, "हात चालव, मी काही देखावा नाही." मी फार वेळ बसले नाही. त्यांच्या डोळ्याचा राखाडी रंग आणि कडेची ती पिवळसर किनार मी लहानपणापासून ओळखते. मला माणूस एकदाच बघावा लागतो, नंतर मी आठवणीवर रंगवते. तुझ्यासारखं गिऱ्हाइकाला खुर्चीला बांधून ठेवावं लागत नाही.

एक मात्र सांगते. खिडकीच्या काचा पुसत जा. सगळ्या खोलीवर कसली पिवळट कळा आलीये, भिंती पिवळ्या, कागद पिवळा. असल्या उजेडात तू काम करतेस म्हणून तुझे रंग असे.

तू कपाटावर लपवून ठेवलेला नमुना मी पाहिला. लपवायची अक्कलही तुला नाही. त्यात चूक सापडायला मला दोनदा बघावं लागलं. माज करू नकोस, सापडली. खालच्या पापणीशी रंग एकदम संपतो. पण दोनदा बघावं लागलं हे खरं आहे आणि परतीच्या वाटेवर मला तेच डाचत होतं. तुझा नकाशाचा टोमणाही डाचलाय. तेव्हापासून मी धागा विसकटून एकेक तंतू वेगळा बसवते. हॉस्पिटलात आता इतर जण ते शिकायला माझ्या टेबलाशी येतात. त्यांना मी सांगत नाही की हे कुणामुळे.

हॉस्पिटलात यंत्र आलंय. चांगल्या डोळ्याचा फोटो काढतं आणि बुबुळ छापून देतं, पोस्टाच्या तिकिटासारखं. लवकरच आमची टेबलं हलवतील. म्हणून मला ते वर्कशॉप हवंय. हाताने डोळा रंगवणारी मी आणखी कुठे जाणार? जिंकल्यावर तुला हाकलून देणार नाही, घाबरू नकोस. साफसफाई, साचे, हिशेब, यांसाठी माणूस लागतंच.

नमुन्याचा डोळा सोबत पाठवतेय. रंग बघून सांग. शेवटचा डोळा याच रंगात करणार आहे.

ताई

६ मे

प्रिय ताई,

डोळा मिळाला.

मी तो खिडकीत बघितला, ओट्यावर बघितला, मामांच्या शेजारी धरून बघितला. चूक सापडली नाही. पांढरा भाग, बुबुळ, किनार, सगळं जसंच्या तसं. इतकी वर्षं मी उगाच तुझ्याशी भांडत राहिले असं वाटलं. धागे तर असे बसवलेस की हात जोडावेत.

हा डोळा मी फोडणार नाही. ठेवून घेतलाय. रंग अजिबात बदलू नकोस.

काचा पुसल्या.

तुझी,
भिंगरी

१४ मे

माझ्या भिंगरीस,

तुझं पत्र मी हॉस्पिटलात उघडलं आणि सगळ्यांसमोर रडले. बाजूच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, घरी कुणी गेलं.

तुला कल्पना नाही, हे चार शब्द मी कधीपासून मागत होते. मामांनी कधी दिले नाहीत. ज्या शनिवारी माझा डोळा पसंत पडायचा त्या शनिवारीही ते फक्त तुला हातोडी द्यायचे, मला काही म्हणायचे नाहीत. मी समजून घ्यायचं. तुझ्याकडून तर मी मागितलेच नसते, जीव गेला असता तरी. आणि तू आपणहून दिलेस.

मी फार वाईट लिहीत आले तुला. साफसफाईचं जे लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. वर्कशॉप माझ्या नावावर झालं तरी पाटीवर दोघी राहू. खिडकीची जागा सकाळी तुझी, दुपारी माझी. मामांना दोघी मिळून सांभाळू. तू एकटीने खूप केलंस.

शेवटचा डोळा आज पाठवलाय. त्याच रंगात, तू सांगितलंस तसा, काहीही न बदलता. आणि आज हॉस्पिटलचा राजीनामाही दिला. यंत्रवाल्यांनी हसून घेतला. मला काही वाटलं नाही. महिनाअखेरीला चंबूगबाळं आवरून येते.

तुझी ताई

२ जून

ताई,

निकाल लागला. घाईने सामान बांधू नकोस म्हणून लगेच कळवतेय.

मामांनी काल सकाळी दोन्ही डोळे लावून बघितले. आधी तुझा. ओट्यावर आरसा धरून उभे राहिले, मान इकडेतिकडे केली. मग म्हणाले, "मी म्हातारा आणि डोळा तान्ह्या पोराचा! अगं, हा पांढरा कुठाय, हा निळा आहे. आणि बुबुळ तर शाई सांडल्यासारखं. ताईने केला हा?" मी म्हटलं, हो. त्यांनी काढून बशीत ठेवला. मग माझा लावला आणि आरसा खाली ठेवून चहा मागितला. तुला माहीतच आहे, यापलीकडे ते काही म्हणत नाहीत.

तू इथे नव्हतीस, म्हणून हातोडी मला दिली. तुकडे डबीत आहेत. पॅकिंग बघ, शिकलेय.

मलाही नवलच वाटलं. टपालात ऊन लागून रंग बदलला असेल का?

वर्कशॉपची कागदपत्रं मामांनी माझ्या नावावर केली. तुला काही काम मिळेपर्यंत इथे येऊन राहायचं असेल तर ये. साफसफाईला माणूस लागतंच.

भिंगरी

३० ऑगस्ट

भिंगरीस,

उत्तराला उशीर झाला. मध्ये माझ्या डोळ्यांवर पट्टी होती.

तुकडे आले तेव्हा मी ते खिडकीत नेऊन पाहिले आणि मला त्यात काहीच निळं दिसेना. मग मात्र घाबरले. डॉक्टरकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिवळा पडून पिकलेला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही पिवळ्या काचेतून जग बघत होता बाई. म्हणजे तुझ्या काचा स्वच्छच होत्या. आठवणीतला मामांचा डोळा बरोबर होता, पण समोरचा रंग मला पिवळा दिसायचा आणि तो आठवणीशी जुळेपर्यंत मी त्यात निळा ओतत राहिले.

पट्टी काढली त्या दिवशी घरी येऊन पहिलं काम म्हणजे तुझी डबी उघडली. धुण्याच्या निळीसारखे निळे तुकडे. आंधळ्यालाही हसू यावं असे.

टपालात ऊन लागलं नव्हतं. एप्रिलमध्ये पाठवलेला नमुनाही असाच निळा होता, आणि तू तो मामांच्या शेजारी धरून बघितला होतास, तूच लिहिलंस. तुझी नजर चुकत नाही. चुकायची, पण तुझा एकेक डोळा फोडून ती मीच घडवली. तुला लगेच दिसलं. आणि तू मला लिहिलंस की रंग बदलू नकोस.

मी ते पत्र परत वाचलं. फार चांगलं पत्र आहे. तुझं माझ्याशी गोड बोलणं पाहून मला संशय यायला हवा होता. इतकी भुकेली होते की आला नाही.

तू मला नुसतं वाईट लिहिलं असतंस, नेहमीसारखं, तर मी तेव्हाच डॉक्टरकडे गेले असते. हे तुला माहीत होतं. मी रागावले नाही. रागावण्यासाठी आपल्यात काहीतरी उरायला हवं. एका छापखान्याच्या वर उत्तरेकडे खिडकी असलेली खोली घेतली आहे, तिथे काम सुरू करते. आता मला सगळं स्वच्छ दिसतं.

तुझं काम पाठवत जा. मी बघेन.

ताई

११ जानेवारी

ताई,

मामा गेले. तार केली होती, तू आली नाहीस. झोपेत गेले, त्रास झाला नाही. बशी आणि हातोडी अजून टेबलावर आहेत, उचलायला हात होत नाही.

तू लिहिलंस ते खरं आहे. मला पहिल्याच नजरेत दिसलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू सुधारून आणला असतास आणि मी हरले असते, कारण तू माझ्यापेक्षा चांगली आहेस. मी माफी मागत नाही, तू दिली नसतीस. शिव्या घाल. तुला छान येतात.

एक डोळा पाठवतेय, एका शिंपिणीसाठी केलाय. चुका काढ.

भिंगरी

२५ जानेवारी

भिंगरीस,

मामांचं वाचून वाईट वाटलं.

डोळा मिळाला. छान आहे. ठेवून घेतला.

ताई

१६ मार्च

ताई,

हे काय आहे? नीट बघितलास तरी का?

त्यानंतर मी आणखी तीन पाठवले. प्रत्येकाला तेच. "छान आहे. ठेवून घेतला." म्हणून चौथ्यात मी मुद्दाम ठिपका बटणाएवढा केला. आंधळा हात लावून सांगेल अशी चूक. त्यावरही तुझं "छान आहे"!

मला वाटलं होतं, जिंकले की निवांत काम करेन. खिडकी माझी, खुर्ची माझी, पाटीवर माझं एकटीचं नाव. आता डोळा झाला की मी तो बशीत ठेवते आणि शेजारी काहीच नसतं. बरा आहे की वाईट, मला कळत नाही. इतकी वर्षं रंगवताना मी तुझ्याशी मनात भांडायचे, आता ताई इथे काय म्हणेल, शिरांना नावं ठेवेल, ठिपक्याला ठेवेल. त्या भांडणातच हात चालायचा. आता हात थांबतो. मास्तरांचा डोळा झिजला म्हणून नवा केला, तर ते घालून बघून नुसतं "ठीक आहे" म्हणाले आणि परत फिरकले नाहीत. काय चुकलं ते बोललेही नाहीत. मी रात्रंदिवस तेच आठवतेय.

या डबीत मामांचा डावा डोळा आहे. मी केलेला, जिंकलेला. ते गेल्यावर मी काढून ठेवला होता. त्यांनी तो चांगला होता म्हणून घातला, की तुझा निळा होता म्हणून? मला एवढंच हवंय. ते सांगायला आता या जगात तू एकटी आहेस. यात चूक असेल तर फोड. मामांचा आहे म्हणून हात आखडू नकोस. तुकडे पाठव ताई, पाया पडते. कितीही वाईट लिही, पण तुकडे पाठव.

भिंगरी

२ एप्रिल

भिंगरीस,

मामांचा डोळा मिळाला. सकाळच्या उजेडात खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ बघितला. पापणीशी रंग कसा संपतो तेही बघितलं.

तुझे मास्तर माझ्याकडे आले होते. बसने आले, एवढ्या लांब. त्यांच्या डोळ्यात काय बिघडलंय हे, ते पायरी चढत असतानाच मला दिसलं. त्यांना नवा डोळा करून दिला. मी नाही, माझ्याकडच्या बाईने. ही आधी कपबश्यांवर फुलं रंगवायची. तिच्या हातात मी दर शनिवारी हातोडी देते. परवा तिने ती माझ्याच अंगावर फेकली आणि रडत निघून गेली. सोमवारी सकाळी माझ्या आधी येऊन दारात उभी होती, आणि तिच्या नव्या डोळ्यात चूक शोधायला मला दोनदा बघावं लागलं. चांगली होईल ती.

तुला मी काय सांगणार? तुझा डोळा फारच छान आहे. ड्रॉवर भरलाय, म्हणून त्याच्यासाठी दुसरा रिकामा केला.

ताई